पिंपाच्या तळातला दगड

१

रविवारी पहाटे सावरखिंडीत दरड कोसळली आणि शिरगावचा महादू तांडेल तिच्याखाली गेला. सोमवारच्या पेपरात चार ओळी आल्या: धोक्याचा बोर्ड आणि अडथळे लावलेले असूनही दुचाकीस्वार भरधाव आत शिरला, डोक्यावर हेल्मेट नव्हते. मंगळवारी सकाळी सात वाजता महादूची बायको वत्सला तो पेपर मुठीत धरून माझ्या दारात उभी होती.

"बाई, चार ओळींत तीन खोटं," ती म्हणाली. "बोर्ड खोटा, भरधाव खोटं, हेल्मेटचं खोटं. खरं एकच. तो मेला."

मी तिला आत घेतलं. ती बसली नाही. दर गुरुवारी उमरोळीत आमच्या आळीत मासळी घेऊन येते तेव्हाही ती बसत नाही. तिच्या दोन्ही मुली माझ्याकडे विज्ञान शिकल्या. बोईसरच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. त्याआधी कॉलेजात भूगर्भशास्त्र केलं होतं. वत्सला त्याला 'दगडाचं' म्हणते.

"तुमी दगडाचं शिकलाय ना? मंग चला खिंडीत. उद्या अकराला पालघरात समिती बसतेय. तिथं त्याची चूक म्हणून लिवलं, का परवापासून रस्ता चालू."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर डोंगराकडं बघावं लागंल त्यांना. आमी अकरा जणी त्याच रस्त्यानं सुकी मासळी घेऊन बाजारला जातो. कोन नवऱ्याच्या गाडीवर, कोन भावाच्या. रविवारी मला ताप हुता म्हणून तो एकटा गेला. उद्या आमच्यातली कोन मेली, तर तिचीबी चूकच लिवतील."

मी खुरपं, काचेच्या दोन नळ्या आणि माझं हेल्मेट घेतलं. तिच्यासाठी दुसरं शोधू लागले, तर तिने पिशवीतून स्वतःचं काढलं.

"ह्यानं घेऊन दिलं. गावात हसायचे लोक, मागं बसणारी बाय हेल्मेट घालते म्हणून. हे डोक्यावर नसलं तर तो गाडी चालूच करत नव्हता."

"मग त्याचं हेल्मेट कुठे आहे?"

"तेच तर, बाई. डोक्यावर नाय, गाडीवर नाय, घरातबी नाय."

२

खिंडीचा रस्ता बोईसरकडून चढतो, एका वळणावर वाघोबाच्या देवळीला वळसा घालतो आणि पलीकडे डोंगरातल्या पाड्यांकडे उतरतो. दरड त्या वळणावरच आली होती. एका बाजूने यंत्र लावून चिखल ढकललेला होता, एक माणूस चालेल एवढी वाट मोकळी होती.

मी स्कूटर लांब उभी केली आणि आधी वर पाहिलं. सुमारे चाळीस फुटांवर डोंगराची साल सोलली होती आणि उघड्या पडलेल्या कातळात एक हिरवट पट्टा दिसत होता. खाली, रुंदीकरणासाठी, डोंगराचा पायथा भिंतीसारखा सरळ तासला होता. उतारावरचं ओझं ज्याच्यावर टेकलेलं असतं तेच काढून घेतलं, तर ते पावसाळ्यात खाली येणारच. त्यासाठी एम.एस्सी. लागत नाही.

देवळीच्या अलीकडे पन्नास पावलांवर तो बोर्ड उभा होता: 'पुढे दरडीचा धोका. रस्ता बंद.' त्याच्यासोबत पाच निळी पिंपं. औद्योगिक वसाहतीत रसायनांची रिकामी पिंपं मिळतात, तीच अर्धी कापून, लाल-पांढरे पट्टे मारून, आत दगड भरलेली.

"शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी स्वतः लावली," रूपेश म्हणाला. तो ठेकेदाराचा सुपरवायझर. बोलताना तो माझ्याकडे न बघता हातातल्या मोबाइलकडे बघत होता. "दोन कामगार होते. रस्त्याकडेचे पडीक दगड भरले."

"कामगार कुठे आहेत?"

"रविवारी गावी गेले. यूपीला."

"दोघेही? रविवारी?"

"तिकीट होतं, बाई."

ठेकेदार निमेशशेठ गाडीतून उतरले तेव्हा ड्रायव्हरने त्यांच्यासाठी छत्री धरली, पाऊस नव्हता तरी. "आम्ही करायचं ते केलं, मॅडम. आता मासळीवाल्यांना बोर्ड वाचायचाच नसेल, तर आम्ही काय त्यांच्या गाडीवर बसायचं?"

"वाचता येतं, शेठ," वत्सला म्हणाली. "बोर्ड असला का वाचतो."

"काकी, दुःखात माणूस काहीही बोलतो. मी मनावर घेत नाही."

"घ्या की. मनावर घ्यायलाच बोलतेय."

मागून कुणीतरी "बाई!" म्हणून हाक मारली. केदार राऊत. नववी-दहावीत माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. आता खात्याचा इंजिनियर, या रस्त्याची जबाबदारी त्याच्याकडे. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. त्याने वाकून नमस्कार केला आणि गाडीच्या डिकीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली दोन विड्याची पानं काढून माझ्या हातावर ठेवली.

"आईने दिलीत. रोज दोन घालतेच डिकीत. तुम्ही भेटलात, बरं झालं."

बेटेगावात त्याच्या घरामागे पानवेली आहेत. शाळेत असतानाही शिक्षकदिनाला बाकीची मुलं गुलाब आणायची आणि हा पान आणायचा, लांब देठासकट, नखाने तिरकं खुडलेलं.

"रविवारी तू किती वाजता पोचलास, केदार?"

"साडेआठला. पोलिसांची फीत लागली होती तोवर."

"आणि पिंपं?"

"लावलेलीच होती. रूपेशने शनिवारी लावल्याचं कळवलं होतं मला. नोंद आहे." त्याने वत्सलाकडे एकदाही पाहिलं नाही. "बाई, आत जाऊ नका. वरचं अजून सैल आहे."

तो गेला. रूपेश आणि शेठही गाडीत बसून खाली गेले. मी पहिल्या पिंपात डोकावले आणि तशीच ओणवी राहिले.

"काय झालं?" वत्सलाने विचारलं.

वरच्या दगडावर हिरवा डाग होता.

३

फितीजवळ बन्सी नावाचा कॉन्स्टेबल खुर्ची टाकून बसला होता. पिंप रिकामं करायचं म्हटल्यावर तो उठला.

"बाई, माझ्या नोकरीवर येईल."

"तुम्ही फक्त बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. दगड आहेत, सोनं नाही."

"माझ्या माणसाचा तिसरा दिवस हाय आज," वत्सला त्याला म्हणाली. "तुमी साहेबाला सांगा, बाई ऐकत नव्हती."

बन्सीने मोबाइल काढला.

वत्सलाने पदर खोचला आणि एकेक दगड उचलून ओळीने रस्त्यावर मांडला. मासळीच्या टोपल्या उचलणारे हात. पाचही पिंपं अर्ध्या तासात रिकामी झाली. तोवर मी रस्त्याकडेचे जुने पडीक दगड तपासले. शंभर मोजले. प्रत्येकावर गंजासारखी तांबूस साल आणि वरच्या अंगाला शेवाळ. फोडला तर आत साधा काळा कातळ. तासलेल्या पायथ्यात तर नुसता लाल मुरूम.

पिंपांतले दगड मात्र वेगळे होते. फुटलेल्या कडा चाकूसारख्या ताज्या, शेवाळाचा ठिपका नाही, आणि बहुतेकांच्या अंगावर वाटाण्याएवढी भोकं, हिरव्या अस्तराची, आत पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक.

"हे बघ," मी वत्सलाला वर बोट दाखवलं. "असा दगड या खिंडीत एकाच ठिकाणी आहे. तो हिरवा पट्टा. रविवारी पहाटेपर्यंत तो माती आणि झाडांखाली झाकलेला होता."

"म्हंजे दरड पडल्यावरच हे दगड खाली आले."

"हो."

"पर ते म्हणतील, पिंपं आदीच हुती, मागून वरून दगड टाकले."

मला तिचा अभिमान वाटला. तिच्या मुलींना हाच प्रश्न सुचायला वेळ लागला असता.

"म्हणून तळातला दगड बघायचा. जे खाली ते आधीचं, जे वर ते नंतरचं. पिंपात सगळ्यात आधी काय पडलं?"

वत्सलाने पाचव्या पिंपातून काढलेला शेवटचा दगड दोन्ही हातांत धरला होता. तिने तो उलटा केला. हिरवी भोकं, पांढऱ्या सुया. पाचही पिंपांचा तळ तोच.

बन्सी फोटो काढता काढता थांबला. "म्हणजे शनिवारी इथं पिंपं नव्हतीच?"

"नव्हती. महादू गेला तेव्हा रस्ता उघडा होता. नंतर कुणीतरी त्याच्यावर पडलेल्या दरडीतलेच दगड भरून, तो मेल्यावर, त्याला धोक्याची सूचना दिली."

वत्सलाने दगड खाली ठेवला नाही. "कोन?" तिने विचारलं.

४

रूपेश खोटं बोलला, एवढं सिद्ध झालं होतं. पण खोटं बोलणारा आणि दगड भरणारा एकच असतो असं नाही. मी बन्सीला विचारून फितीच्या आत गेले.

या खिंडीत एक रीत आहे. वाघोबासमोरून जाताना थांबायचं, डोक्यावरचं काढायचं आणि आपल्या घरी जे पिकतं ते ठेवायचं. पाड्यावरचा माणूस झाडाचा टाळा ठेवतो, मासळीवाले सुका बोंबील ठेवतात, आम्ही बागायती लोक विड्याचं पान. टोपी, पागोटं, टोपलीची चुंबळ, काहीही असो, वाघोबासमोर डोकं उघडं. माझे वडील घोंगडीची खोळसुद्धा काढायचे.

महादूची मोटारसायकल देवळीपासून तीन पावलांवर आडवी पडली होती. तिचा साइड स्टँड खाली केलेला होता, आणि त्याच्या टोकाला दोरीने बांधलेलं, जाळ्याला लावतात तसलं एक चपटं बूच.

"ओझं असलं का स्टँड मातीत रुततो," वत्सला म्हणाली. "म्हणून हे खाली घालायचा. उचलताना दोरी ओढली का वर."

मी बूच उलटं केलं. मधोमध स्टँडच्या टोकाचा खोल ठसा होता आणि खालच्या बाजूला डांबराची खडी रुतली होती. चालत्या गाडीचं बूच वर बांधलेलं असतं. ही गाडी, दोन टोपल्यांच्या ओझ्यासकट, उभी केलेली होती.

"भरधाव," वत्सला हळूच म्हणाली.

देवळी निम्मी चिखलात गेली होती. मी खुरपं घेऊन कडेपासून एकेक बोट चिखल काढू लागले. वीतभर खाली हेल्मेट सापडलं. देवळीच्या चौथऱ्यावर, तोंड वर करून, नीट ठेवलेलं. पट्टा तुटलेला नव्हता. कडी दाबून सोडवलेली होती. त्याच्या बाजूला, दगडी वाघाच्या पायाशी, दोन बोंबील.

वत्सला खाली बसली. त्या दिवसात पहिल्यांदाच बसली.

"डोक्याला लागून गेला, डॉक्टर म्हणाले. मोठा दगड नव्हता. एवढासा." तिने मूठ दाखवली. "वरून आदी बारके आले असतील. अख्ख्या रस्त्यात डोक्यावरनं काढलं नाय, नि इथं काढलं."

शेवटचा थर राहिला होता, तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. चिखलाच्या वर, वाघाच्या बुडालेल्या तोंडासमोर, चपट्या दगडाखाली काहीतरी काळपट दबलेलं होतं. मी दगड उचलला.

विड्याचं पान. देठ देवाकडे.

बोंबील चिखलाखाली, पान चिखलावर. म्हणजे दरड पडल्यावर कुणीतरी इथे आलं होतं.

"बन्सी, फीत कधी लावलीत?"

"साडेसातला आलो तेव्हाच. तेव्हापासून आत कोणी नाय. आम्ही चौघांनी बॉडी काढली तेवढीच."

"तुमच्यापैकी कुणी पान ठेवलं?"

"आम्ही चौघं घाटावरचे, बाई. आम्हाला काय माहीत इथं काय ठेवतात? आन पान असतं तर खाल्लं नसतं का?"

टपरीवरच्या पानाचं देठ छाटलेलं असतं. याचं देठ लांब होतं, टोकाला नखाचा तिरका काप. मी ते काचेच्या नळीत ठेवलं. वत्सलाने माझ्या पर्सच्या कप्प्याकडे पाहिलं, जिथे ओल्या फडक्यातली दोन पानं होती.

५

दरडीच्या पलीकडे, उतारावर गोजराबाईची चहाची झोपडी आहे. वत्सलाला पाहताच तिने चूल सोडली आणि तिला जवळ घेतलं. मग तिने आम्हा दोघींना कोरा चहा दिला.

"बोर्ड नवता शनिवारी," गोजराबाई म्हणाली. "मी सात वाजता बोईसरवरून रिक्षानं आली. रिक्षा काय बोर्डावरून उडाली? शेठ म्हणतो म्हातारीला दिसत नाय. त्याला सांग, ये, तुझ्या शर्टाची बटनं मोजून देते."

"रविवारी काय ऐकलंस?"

"सहाला पाच कमी असतील. आवाज आला, चूल हादरली. मी धावत गेली तर चिखल आडवा. पलीकडचा कायच दिसं ना. मग मी फोन केला. दीड तासानी पोलीस आले. तो सुपरवायझर तर नवाला आला, गाडीतून डोळे चोळत."

मी कप खाली ठेवला. ती आधीही, पेपरवाल्यांना, हेच म्हणाली होती: मी फोन केला, पोलीस आले. ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो फोन पोलिसांना केला असं धरलं होतं. मीसुद्धा.

"गोजराबाई, फोन कुणाला केलास?"

"पोलिसाचा नंबर माझ्याकडं कुठला? डोंगराला भेग पडली तवापासून एकाच मानसाला फोन करते मी. तीनदा केला त्या आठवड्यात. चांगला हाय तो, ऐकून तरी घेतो." तिने कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "बेटेगावचा. केदारसायब."

रविवार, पाच सत्तावन्न. बेटेगावहून खिंडीत यायला पंचवीस मिनिटं लागतात. त्याने मला साडेआठ सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी मी केदारला फोन केला नाही. दोन्ही पानं स्वयंपाकघरात ताटलीत ठेवली होती. मला ती खाववेनात आणि टाकवेनातही. एकतीस वर्षांत मी कुणालाही परीक्षेआधी उत्तर सांगितलं नव्हतं. पण परीक्षेआधी एवढं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

६

समितीत तिघे होते. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली. वत्सला माझ्या शेजारी उभी राहिली; खुर्ची दिली तरी बसली नाही. समोर निमेशशेठ, रूपेश, आणि भिंतीला टेकून केदार.

मी टेबलावर बूच ठेवलं: गाडी उभी होती. हेल्मेट ठेवलं: ते देवासमोर काढलं होतं. मग पाच दगड ठेवले आणि बन्सीने काढलेले फोटो दाखवले: शनिवारी संध्याकाळी पिंपं नव्हती.

"मॅडम," निमेशशेठ हसले, "शाळा सुटली आता. दगडावर काय तारीख लिहिलेली असते?"

"असते. फक्त शेठ, ती वाचायला शिकावं लागतं." मी अध्यक्षांकडे वळले. "हा दगड दरडीआधी जमिनीत होता. तो पाचही पिंपांच्या तळाशी आहे. यावर शेठजींकडे दुसरं स्पष्टीकरण असेल, तर मी ऐकते."

रूपेशने मोबाइल खिशात ठेवला. "मला सांगितलं तसं बोललो," तो पुटपुटला. "शनिवारी मी नव्हतोच साइटवर."

"कोणी सांगितलं?" अध्यक्षांनी विचारलं. रूपेशने शेठकडे पाहिलं. शेठनी छताकडे पाहिलं.

"मग पिंपं लावली कोणी?"

मी पर्समधून काचेची नळी काढली आणि ती दगडांच्या शेजारी ठेवली. पान आता पूर्ण काळं पडलं होतं, पण देठ ओळखू येत होतं.

"सहाला पाच कमी असताना दरड पडली. साडेसातला फीत लागली. मधल्या वेळात एक माणूस आला. त्याला पहिला फोन गेला होता. त्याने मेलेल्या माणसाला पाहिलं, दगड भरले, बोर्ड उभा केला. आणि सगळं करून झाल्यावर, देव चिखलात बुडालेला असताना, त्याच्यासमोर घरचं पान ठेवल्यावाचून त्याला जाता आलं नाही. बाहेरच्या कुणालाही ते सुचलं नसतं. तेवढं एक त्याने केलं नसतं, तर मला तो सापडला नसता."

मी भिंतीकडे पाहिलं नाही.

"जे खाली ते आधीचं," केदार म्हणाला, "जे वर ते नंतरचं. नववीत शिकवलंत, बाई." तो भिंत सोडून पुढे आला. "पान देवाला नव्हतं. महादूकाकांना होतं. आमच्या दारावर मासळी आणायचे ते. मी पोचलो तेव्हा ते गेलेले होते. मला वाटलं, आता मी गेलो. भेग मला माहीत होती. बोर्ड आणि पिंपं खाली गोदामात पडून होती."

"आणि मला सांगितलंस ते?" वत्सलाने विचारलं. ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती. "मयताला आलास तेवा. म्हणालास, काकी, त्यांना समजायला पायजे हुतं."

त्याने मान खाली घातली. ती नुसती बघत राहिली, तो मान वर करेपर्यंत.

मग त्याने फाइल उघडली. "शुक्रवारी मी पत्र दिलं होतं. पायथा तासणं थांबवा, रस्ता बंद करा. शेठजींच्या ऑफिसचा पोचशिक्का आहे. उत्तर आलं, चार दिवसांत काम संपतंय, थांबा. मी थांबलो." त्याने पत्र दगडांच्या शेजारी ठेवलं. "दगड मी भरले. पण शनिवारी लावल्याचं रूपेशकडून वदवायचं, हे शेठजींचं. माझी शिक्षा मला द्या. महादू तांडेलच्या नावावर काही लिहू नका."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. मृताची चूक अहवालात येणार नाही, एवढं त्यांनी तिथेच लिहून दिलं. पोलिसांना बोलावणं गेलं. बाकीचा अहवाल तीन आठवड्यांनी.

"नि रस्ता?" वत्सलाने विचारलं.

"तो आदेश वेगळ्या टेबलावर आहे, बाई. वाहतूक खोळंबलीय. उद्या सकाळी सुरू होईल."

वत्सलाने टेबलावरचं हेल्मेट उचललं. "बरं," ती म्हणाली.

ते 'बरं' मी ओळखते. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ती हेच 'बरं' म्हणते आणि टोपली झाकते.

७

गुरुवारी सकाळी सहा वाजता शिरगावहून अकरा मोटारसायकली खिंडीखाली आल्या. अकरा बायका, चालवणारे पुरुष, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. काही उसनी आणलेली होती. एकीचं तर बांधकामावरचं पिवळं होतं. गोजराबाई पाड्यावरच्या पंचवीस जणांना घेऊन पलीकडच्या तोंडाशी उभी होती.

पाचही पिंपं रिकामीच पडली होती. यावेळी रस्त्याकडेचे जुने दगड भरले, तांबूस सालीचे, शेवाळाचे. केदारला आदल्या रात्रीच जामीन मिळाला होता, आणि तो निलंबित होता; तो पायी आला. कुणी त्याला ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. त्याने वळणाच्या आधी ऐंशी पावलं मोजली आणि टाच रोवली.

"इथून लावा. वळणावर लावलं तर गाडीवाल्याला ब्रेक मारायला जागा उरत नाही."

वत्सलाने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिलं पिंप त्या खुणेवर ठेवलं.

औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून परतणारे दोन कामगार एका गाडीवर आले. "क्या हुआ, माई?"

"पत्थर गिरता है. पीछे जाव. और तेरा हेल्मेट किधर हाय?"

"घर पे."

"घर पे क्या, अंडा देता है?"

ते हसले, पण मागे वळले.

साडेसातला निमेशशेठ आले, त्यांच्यामागे यंत्र. "रस्ता चालू करायचा आदेश आहे माझ्याकडे. तुम्हाला अडवायचा अधिकार कोणी दिला?"

"तुमीच," वत्सला म्हणाली. "तुमचीच पिंपं, तुमचाच बोर्ड. शनिवारी संध्याकाळी लावलाय म्हणून लिवून दिलंय तुमी. रस्ता बंद. वाचता येतं ना, शेठ?"

यंत्राच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतला. डोंगराला लोखंडी जाळ्या लागेपर्यंत आणि पायथ्याला भिंत बांधेपर्यंत इथून हलायचं नाही, असं त्या अकरा जणींनी ठरवलं होतं. सुकी मासळी त्यांनी तिथेच विकायला मांडली.

वत्सला एकटीच देवळीकडे गेली. मी जाऊ नको म्हणत होते. तिने पदरातून दोन बोंबील काढून वाघाच्या पायाशी ठेवले, हात जोडले. पलीकडून गोजराबाई ओरडली, "अगं, डोक्यावरचं काढ! वाघोबा हाय तो!"

वरून सुपारीएवढा खडा घरंगळत आला, वत्सलाच्या हेल्मेटवर टक् वाजला आणि रस्त्यावर पडला.

वत्सलाने आधी वर पाहिलं, मग समोर दगडातल्या वाघाकडे. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आणखी घट्ट केला.

"डोंगर तुझा," ती म्हणाली. "डोकं माझं."